पगारपत्रकातली एक वजावट
आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाची पन्नास वर्षे आणि नाशिक रोडचा तोफखाना

तोफखान्यातला जवान अरुणाचलच्या डोंगरात असो, राजस्थानच्या वाळूत असो की लडाखच्या बर्फात, त्याच्या पगाराचा हिशेब नाशिक रोड कॅम्पात लागतो. तोफखान्याचे वेतन लेखा कार्यालय इथे आहे. सैनिकाची सगळी कागदपत्रे सांभाळणारे ‘तोपखाना अभिलेख’ हे रेकॉर्ड ऑफिसही इथेच आहे. पत्त्यावरचा पिन ४२२१०२ देशभरातल्या हजारो घरांना पाठ असतो. बिहारमधल्या आईला, पंजाबातल्या वडिलांना, आपल्या सिन्नर-निफाडच्या सुनेलाही. या कार्यालयातून निघणाऱ्या पगारपत्रकात दर महिन्याला एक वजावट असते. जवानांच्या तोंडी तिचे नाव ‘एजीआय’. पुरते नाव आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड. १ जानेवारी १९७६ रोजी सुरू झालेल्या या फंडाला १ जानेवारी २०२६ रोजी पन्नास वर्षे पूर्ण झाली.

नाशिककरांना तोफखाना नवा नाही. स्कूल ऑफ आर्टिलरी काकूलहून देवळालीला आले, तेव्हापासून भगूर-लहवितच्या बाजूला तोफांचे आवाज सवयीचे झाले आहेत. वर्षातून एकदा ‘तोपची’ सरावाची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात, आर्टिलरी सेंटरमधून नव्या जवानांची तुकडी शपथ घेऊन बाहेर पडते, त्याची बातमी येते. त्या जवानाच्या मागे उभ्या असलेल्या विमा व्यवस्थेबद्दल मात्र आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. ही व्यवस्था का उभी राहिली, हे समजायचे तर सर्वसाधारण विमा पॉलिसीतले एक कलम आधी वाचावे लागते.

अपघात विम्याची कुठलीही पॉलिसी घ्या. पहिल्या पानावर रक्कम असते, पुढे लाभ असतात आणि त्यानंतर ‘खालील कारणांसाठी कंपनी जबाबदार राहणार नाही’ अशी यादी असते. आत्महत्या, नशा, गुन्हा ही कारणे त्यात असतात. त्यांच्याच शेजारी बसलेले असते युद्ध. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीला जो दुहेरी अपघात लाभ जोडून मिळत आला, त्याच्या अटींतही दंगल, नागरी उठाव, बंड, युद्ध, आक्रमण ही कारणे वगळलेली होती, आणि युद्धापुढे ‘घोषित असो वा नसो’ हे शब्द होते. पुढची अट तर थेट माणसावरच बोट ठेवत होती: युद्धात असलेल्या कोणत्याही देशाच्या सैन्यातल्या नोकरीमुळे झालेला मृत्यू या लाभात बसत नाही. आणखी एक अट होती विमानाची. विमानातला साधा प्रवासी सोडला, तर इतर कोणत्याही नात्याने हवेत असलेल्याला अपघात लाभ नाही. नाशिकच्या गांधीनगर लष्करी विमानतळावर हेलिकॉप्टर शिकणारा कॅप्टन या अटीत नेमका अडकतो, आणि त्यासाठी त्याला युद्धावर जायचीही गरज नाही.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबतो. आयुर्विम्याची मूळ रक्कम आणि अपघाताची वाढीव रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या मुदत विम्यात पहिल्या वर्षातली आत्महत्या सोडली तर सहसा दुसरा अपवाद नसतो. विमा नियामकाने १ जानेवारी २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना विकायला लावलेला ‘सरल जीवन बीमा’ याच धर्तीचा आहे. म्हणजे मृत्यू रणांगणावर झाला तरी, प्रस्तावात नोकरी खरी सांगितलेली असेल तर, मूळ रक्कम मिळायला हवी. अपवादाची सगळी धार असते ती अपघाताच्या जोडलाभात आणि स्वतंत्र वैयक्तिक अपघात विम्यात. वीस लाखांची पॉलिसी आणि तिच्यावर वीस लाखांचा अपघात लाभ, म्हणजे ‘चाळीस लाखांचा विमा’ असा हिशेब घरी होतो. सैनिकाच्या घरी तो हिशेब नेमका गरजेच्या वेळी निम्म्यावर येऊ शकतो. विकणाऱ्याने हे घरच्या भाषेत, सही घेण्याच्या आधी सांगितले पाहिजे. माझ्या मते सैनिकी पेशा लिहिलेल्या प्रत्येक प्रस्तावावर ही एक ओळ ठळक मराठीत छापण्याची सक्तीच हवी.

कंपन्या युद्ध का वगळतात? यात दुष्टपणा शोधायला जाऊ नये. विम्याचे गणित एका गृहीतावर चालते: शंभर जणांचे मरण शंभर वेगळ्या दिवशी, शंभर वेगळ्या कारणांनी येईल. एकाच्या घरी दुःख झाले तर नव्याण्णवांचे हप्ते चालू असतात. युद्ध हे गृहीतच मोडते. एकाच आठवड्यात, एकाच टेकडीवर, एकाच वयाची माणसे जातात. शिवाय जोखीम आगाऊ मोजता येत नाही, कारण युद्ध केव्हा होईल याचे कोष्टक कोणाकडे नसते. सीमेवरच्या एखाद्या पलटणीचाच विमा उतरवून बसलेली छोटी कंपनी एका रात्रीत बुडेल आणि मग सैनिकच काय, शांतपणे हप्ते भरणारा शिक्षकही उघड्यावर पडेल. वगळण्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण वगळला जातो तो नेमका असा माणूस, ज्याला त्या जोखमीवर त्याच्याच देशाने पाठवलेले असते.

आयुर्विम्याच्या कंपन्या आपल्याकडे जुन्या. साताऱ्याची वेस्टर्न इंडिया १९१३ मधली. मुंबईच्या ओरिएंटल आणि बॉम्बे म्युच्युअल त्याहून कितीतरी आधीच्या. सैनिकी पेशा असेल तर जादा हप्ता ही पद्धत जगभरच्या विमा व्यवसायात होती. हा पेच पहिल्या महायुद्धात अमेरिकेने वेगळ्या रीतीने सोडवला. खासगी कंपन्यांच्या दरात सैनिकाला विमा परवडेना, तेव्हा ऑक्टोबर १९१७ मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच सैनिकांना दहा हजार डॉलरपर्यंतचा विमा देऊ केला. युद्धाची जोखीम बाजार उचलणार नसेल तर ती युद्ध पुकारणाऱ्या सरकारने उचलावी, हे तत्त्व तिथे कायद्यात आले.

हिंदुस्थानात सरकार या वाटेवर आले, पण आधी मालासाठी. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये मालाच्या युद्धविम्याचा वटहुकूम निघाला, १९४२ मध्ये कारखान्यांचा. कामगारांना युद्धात इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची आणि त्या जबाबदारीचा विमा उतरवायचा, असा कायदा १९४३ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी मुंबईने या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न पाहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरचा सुमारे १,४०० टन दारूगोळा पेटला. गोद्या, गोदामे, मांडवीकडच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसे गेली. जहाज युद्धाचे, माल युद्धाचा, पण शत्रूचा हात नव्हता. कापसाच्या गाठींना लागलेली आग दारूगोळ्यापर्यंत पोचली होती. मग हे युद्ध धरायचे की अपघात? आगीच्या साध्या पॉलिसीत अशा स्फोटाला जागा नव्हती. पॉलिसीच्या भाषेवर महिनोन्‌महिने कीस पाडत बसण्यापेक्षा सरकारने वटहुकूम काढून भरपाईची जबाबदारी घेतली. गोदीच्या त्या घटनेत पॉलिसीची भाषा आणि प्रत्यक्ष आयुष्य यांच्यातले अंतर जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दिसते.

स्वातंत्र्यानंतरही क्रम तोच राहिला. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झाले. १९६२ मध्ये चीनचे युद्ध झाले आणि त्याच वर्षी संसदेने माल आणि कारखाने यांच्यासाठी आणीबाणी-जोखीम विम्याचे दोन कायदे केले. १९७१ मध्ये पुन्हा तसेच कायदे झाले. म्हणजे गोदामातल्या मालाला आणि कारखान्यातल्या यंत्राला युद्धाचे विमाछत्र दोन वेळा मिळाले. सैनिकासाठी कुटुंब निवृत्तिवेतन होते, ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून होता, १९७१ च्या युद्धानंतर १९७२ मध्ये उदार निवृत्तिवेतनाचे आदेशही निघाले. पण युद्धातला मृत्यू न वगळणारा आणि एकरकमी पैसा देणारा, सगळ्या सैन्याला लागू होणारा विमा नव्हता. १९६५ आणि १९७१ मध्ये तरुण विधवांची जी घरे मागे राहिली, त्यांना दरमहा पेन्शन होती. पण मुलाचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर, सावकाराचे देणे या खर्चांना मोठी रक्कम एकदम लागते आणि ती कुठून आणायची याचे उत्तर बहुतेकांकडे नव्हते.

ते उत्तर १९७६ मध्ये आले. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड ही लष्कराच्याच देखरेखीखालची नोंदणीकृत सोसायटी आहे. तिचे कार्यालय दिल्लीत वसंत विहारजवळ, राव तुलाराम मार्गावर आहे. तिला भागधारक नाहीत, एजंट नाहीत, नफा वाटायचा नाही. सभासदत्व ऐच्छिक नाही. सेवेत आला तो सभासद झाला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सेवेत असताना मृत्यू कशाने आला हे इथे विचारले जात नाही. गोळीने, हिमकड्याने, सुट्टीवर गावी जाताना झालेल्या मोटार अपघाताने, रुग्णालयात तापाने. घरच्यांना मिळणारी विम्याची रक्कम तीच. युद्धाचे कलमच नाही.

हे परवडते कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल. कंपनीला जे जमत नाही ते फंडाला कसे जमते? उत्तर सक्तीच्या सभासदत्वात आहे. विमा ऐच्छिक असता तर सियाचिनला निघालेल्याने घेतला असता आणि पुण्यात कार्यालयात बसलेल्याने टाळला असता. मग फंडाकडे नुसती जोखीमच गोळा झाली असती. इथे जबलपूरच्या भांडारातला कारकून, देवळालीत शिकवणारा उस्ताद आणि नियंत्रण रेषेवरचा तोपची एकाच फंडात भरतात, आणि पुढच्या वर्षी बदली झाली की त्यांच्या जागा बदलतात. कारगिलचे उदाहरण घेऊ. १९९९ च्या त्या लढाईत अधिकृत आकड्यांनुसार ५२७ जवान आणि अधिकारी शहीद झाले. ज्या पलटणी तोलोलिंग आणि टायगर हिलवर चढल्या, त्यांच्यापुरते पाहिले तर हा आकडा कोणत्याही विमा कंपनीला पेलणार नाही. दहा-बारा लाखांच्या साऱ्या सैन्यावर तो पसरला की दर दहा हजारांमागे पाचच्या आसपास येतो. कंपनीला जे अशक्य वाटते ते सगळ्या सैन्याने मिळून उचलल्यावर आटोक्यात येते. कारगिलमध्ये पायदळाच्या वाटा मोकळ्या करून देणारा मारा बोफोर्सचा होता, तोफखान्याचा होता. त्या तोपचींच्या पगारातले हप्ते नाशिक रोडच्या खातेवहीतून वजा होऊन त्याच वर्षी चढाई करणाऱ्या पलटणींच्या घरी पोचत होते, ही गोष्ट मला तोफांच्या माऱ्याइतकीच मोठी वाटते.

हप्त्याचा सगळा भाग जोखमीत जात नाही. थोडा विम्यासाठी, बाकीचा बचतीसाठी. जो जवान सुखरूप निवृत्त होतो, त्याला बचतीचा भाग वाढीसह परत मिळतो. दरम्यान घर बांधायला, वाहन घ्यायला फंडातून कर्ज मिळते. अपंगत्व येऊन सेवेतून बाहेर पडावे लागले तर त्याचे वेगळे छत्र आहे. निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता घेऊन पुढची काही वर्षे विमा चालू ठेवण्याची सोयही फंडाने केली आहे. विम्याची रक्कम वेळोवेळी वाढत गेली. आज ती जवान आणि जेसीओ म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर यांच्यासाठी ५० लाख आणि अधिकाऱ्यांसाठी एक कोटी रुपये आहे. त्यासाठी दरमहा कापले जाणारे पाच हजार आणि दहा हजार रुपये तरुण जवानाला जड वाटतात, कुरकूरही होते. पण त्यातला मोठा भाग त्याचाच आहे, तो त्याला परत मिळणार आहे, हे त्याला कोणीतरी आकडे मांडून समजावले पाहिजे.

‘युद्ध’ या एका गोष्टीला तीन ठिकाणी तीन किमती कशा मिळतात, हे पाहण्यासारखे आहे. कंपनीच्या अपघात विम्यात साध्या अपघाताला पूर्ण रक्कम आणि युद्धाला शून्य. सरकारच्या सानुग्रह अनुदानात बरोबर उलटे. १ जानेवारी २०१६ पासूनच्या दरांप्रमाणे कर्तव्यावर असताना अपघाताने किंवा दहशतवादी हिंसाचारात मृत्यू आला तर २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, आणि युद्धात किंवा संरक्षण मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या युद्धसदृश कारवाईत शत्रूकडून आला तर ४५ लाख. आणि एजीआयमध्ये सगळ्यांना सारखे. पहिल्या दोन्ही ठिकाणी मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या कागदाला अतोनात महत्त्व येते. लष्करी भाषेत ‘बॅटल कॅज्युअल्टी’ आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ असे दोन शिक्के असतात. कोणता शिक्का बसला यावर उदार कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे जवळजवळ शेवटच्या पगाराएवढी रक्कम, मिळणार की साधे, हे ठरते. गस्तीवर घसरून दरीत पडलेला जवान कोणत्या शिक्क्यात बसतो? चौकीवर छातीत कळ येऊन गेलेला? अशा प्रश्नांवर सशस्त्र दल न्यायाधिकरणात वर्षानुवर्षे खटले चालतात. एजीआयची रक्कम मात्र त्या निकालाची वाट पाहत नाही. घरावर आघात झाल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत कारणाच्या वादात न अडकता येणारा पैसा म्हणून या फंडाचे मोल आहे.

‘घोषित असो वा नसो’ हे शब्दही या देशात पोकळ नाहीत. कारगिल हे ‘ऑपरेशन विजय’ होते. १९६२ आणि १९७१ प्रमाणे तेव्हा आणीबाणी पुकारली गेली नव्हती. मे २०२५ मधले ‘ऑपरेशन सिंदूर’ही घोषित युद्ध नव्हते. कागदावर युद्ध नसले तरी विमा कंपनीला आपले कलम लावता यावे, म्हणूनच ते शब्द आहेत. कलम संदिग्ध असेल तर अर्थ पॉलिसी लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये चंदमल जैन खटल्यात मान्य केले आहे. पण कोर्टापर्यंत जाण्याची ताकद चांदवडच्या एखाद्या वीरमातेत असावी, अशी अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

आता पुन्हा नाशिक रोडच्या रेकॉर्ड ऑफिसकडे. फंड दिल्लीत असला तरी जवानाचा दावा सुरू होतो तो रेकॉर्ड ऑफिसच्या कागदांवरून. पलटणीतून घटनेची खबर येते, ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते, म्हणजे जवानाच्या सेवापत्रकात ती घटना अधिकृतपणे नोंदली जाते. मग नामनिर्देशनाचा कागद काढला जातो. सारे या कागदावर अडते किंवा सुटते. भरती झालेला मुलगा एकोणीस वर्षांचा असतो. वारस म्हणून तो आईचे नाव लिहितो. चार-पाच वर्षांनी लग्न होते. लग्नाची पार्ट टू ऑर्डर निघाली नाही, तर कागदोपत्री तो अविवाहितच राहतो. ऑर्डर निघाली आणि नामनिर्देशन बदलले नाही, तर विम्याचा पैसा एकीकडे आणि पेन्शन दुसरीकडे जाते. मुलगी झाली, तिचे नाव चढले नाही. पत्नीचे नाव आधार कार्डावर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरे, बँकेत तिसरे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे, त्यामुळे हा घोळ मराठी घरांत हमखास होतो: माहेरची सुनीता सासरची वैष्णवी झाली, तर ती एकच बाई आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तलाठ्याचा दाखला असा फेरा पडतो. एरवी चालून जाणारी ही विसंगती दाव्याच्या वेळी रक्कम रोखून धरते.

अलीकडच्या वर्षांत वीरपत्नी आणि सासू-सासरे यांच्यातले पैशाचे वाद उघड्यावर आले आणि समाजमाध्यमांवर लोकांनी वाटेल ते लिहिले. त्या घरांचे दुःख चघळण्यापेक्षा एक साधी तरतूद समजून घ्यावी: नामनिर्देशनात रक्कम वाटून लिहिता येते. आईवडिलांना इतके टक्के, पत्नीला इतके, असे जवान स्वतः जिवंतपणी ठरवू शकतो. सुट्टीवर आलेल्या मुलाशी हे बोलायला घरच्यांना अवघड जाते, अपशकुन वाटतो. तरीही बोलावे. ते जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारावे; हे काम तिथल्या लोकांच्या रोजच्या सवयीचे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीच्या मैदानावर सराव चालू असताना तोफेजवळ गोळ्याचा स्फोट झाला आणि दोन अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी भरती झालेले जवान, मृत्युमुखी पडले. दोघेही हैदराबादच्या आर्टिलरी सेंटरमधून इथे सरावाला आले होते. त्यानंतर अग्निवीरांना काय मिळते आणि काय नाही, यावर देशभर वाद झडला. वादात आरोप पुष्कळ होते आणि माहिती थोडी, म्हणून ती इथे देतो. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत अग्निवीराला ४८ लाखांचे विमाछत्र आहे आणि त्याचा हप्ता त्याच्याकडून घेतला जात नाही. सेवेशी संबंधित कारणाने मृत्यू आला तर ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान वेगळे. उरलेल्या मुदतीचा पगार आणि चार वर्षांच्या शेवटी एकरकमी मिळणारा सेवानिधीही कुटुंबाला मिळतो. अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणात ४४, २५ किंवा १५ लाख. मिळत नाही ते नियमित सैनिकाच्या घरी येणारे आयुष्यभराचे कुटुंब निवृत्तिवेतन. एकाच तोफेवर एकाच वेळी काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या आईला पेन्शन आणि दुसऱ्याच्या आईला नाही, हा फरक मला न्याय्य वाटत नाही. विम्याच्या बाजूने सरकारने बरेच दिले आहे, हेही तितकेच खरे. पण एकरकमी पैसा आणि पेन्शन यांची कामे निराळी आहेत. १९७६ पूर्वी सैनिकाच्या घरी पेन्शन होती आणि रक्कम नव्हती. आज अग्निवीराच्या घरी रक्कम आहे आणि पेन्शन नाही.

सैन्याबाहेरच्यांनाही युद्धाचे कलम गाठतेच. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातले सहा जण गेले. आयुर्विमा महामंडळाने तेव्हा मृत्यूच्या दाखल्याऐवजी सरकारी नोंदीवर दावे मान्य करण्याची सवलत जाहीर केली. पुढच्या महिन्यात पूंछमध्ये तोफगोळ्यांनी सामान्य नागरिक मारले गेले. दहशतवादी हल्ला आणि परकीय सैन्याचा मारा या दोन गोष्टी अपघात विम्याच्या भाषेत वेगळ्या ठरतात: पहिला बऱ्याच पॉलिसींमध्ये चालतो, दुसरा वगळलेला असतो. मारल्या गेलेल्या दुकानदाराच्या घरच्यांना या भेदाशी काय घेणे? ज्या तत्त्वाने १९६२ मध्ये सरकारने गोदामांचा युद्धविमा उतरवला, त्याच तत्त्वाने सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या नागरिकांचाही उतरवावा. एजीआयने पन्नास वर्षे चालवून दाखवलेली रीत, सगळ्यांचा एक फंड आणि कारण न विचारता रक्कम, तिथे लावता येण्यासारखी आहे. तोवर २०१५ पासून चालू असलेला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा तरी प्रत्येक घरात असावा. वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांची रक्कम, आणि सुरुवातीचे तीस दिवस सोडले तर मृत्यूचे कारण विचारले जात नाही.

अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. त्यांची चार वर्षे आता संपत आली आहेत. योजनेप्रमाणे जास्तीत जास्त पाव जण सैन्यात कायम होतील. बाकीचे सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन बाविशी-पंचविशीत घरी येतील. ४८ लाखांचे छत्र सेवेबरोबर संपेल. निवृत्त सैनिकासाठी विमा पुढे चालू ठेवण्याची जी सोय एजीआयने आखली, तिच्यासारखी सोय या मुलांसाठीही व्हावी, अशी माझी मागणी आहे. हप्ता ते सेवानिधीतून आनंदाने देतील. ती होईपर्यंत नाशिक रोडच्या सेंटरमधून परतणाऱ्या प्रत्येकाने गाडीचा हप्ता ठरवण्याआधी मुदत विम्याचा प्रस्ताव भरावा. या वयात त्याचा दर सर्वांत कमी असतो. ‘पूर्वीची नोकरी’ या रकान्यात तोफखाना लिहायला कचरू नये. आणि पॉलिसी हाती आली की वगळलेल्या कारणांचे पान पहिल्यांदा वाचावे.